वरची बांदी

"मॅडम, थंडीत मेलेलं लवकर कुजत नाही म्हणता, तर मग तिकडे भुतं जास्त असतात का?"

हे विचारायची पैज पुनमने लावली होती. करिष्माने त्यावर समोसा चढवला होता. आणि दिव्यानीने दुसऱ्या बाकावरून उठून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, वक्तृत्व स्पर्धेत लावते तोच गंभीर आवाज लावून ते विचारून टाकलं. सगळा हॉल फुटला. दाराशी उभे असलेले विज्ञानाचे सर डोळे वटारून पाहू लागले, पण दिव्यानी बसली नाही. या वर्षी तिला आवाज सापडला होता. नववीपर्यंत हजेरीलासुद्धा तिचा 'हजर' शेजारणीला सांगावा लागायचा, आणि दहावीत आल्यावर एकदा स्टेजवर ढकलली गेली तेव्हा तोंडातून असं काही धो धो निघालं की तीच चकित झाली. तेव्हापासून ती कुठेही उठून बोलायची, उतारावर सोडलेल्या सायकलसारखी, ब्रेक आहे का हे न पाहता. स्टेजवरच्या नंदिनी उरकुडे मॅडम मूळच्या राजुऱ्याच्या. हिमालयात वर, झाडं संपून नुसती कुरणं उरतात तिथल्या मातीवर त्यांचं संशोधन. आईला भेटायला आल्या होत्या, मुख्याध्यापकांनी त्यांना धरून आणलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "असतात ना. लय असतात. मी त्यायलेच मोजते."

हॉल पुन्हा हसला, पण या वेळी जरा सावरून. मॅडम सांगत राहिल्या. तिकडे वर्षातले कितीतरी महिने जमीन गोठलेली, म्हणून गवत मरतं, पानं गळतात, एखादा याक पडतो, आणि काहीच पुरतं कुजत नाही. त्या सगळ्या मेलेल्यांच्या आत फॉस्फरस असतो. त्याच्याशिवाय मूळ वाढत नाही, दाणा भरत नाही. मातीत तो भरपूर आहे, पण कुलुपात आहे, झाडाला मिळत नाही. म्हणून तिकडचं गवत जगतं ते वरच्या वीतभर मातीवर, जिथं मेलेले हळूहळू, फार हळूहळू, आपल्याजवळचं सोडतात. "एखाद्या जागी कधीतरी याक मेलेला असतो. हाडंसुद्धा दिसत नाहीत, गावात कोणाला आठवतही नाही. पण तेवढ्या चौकोनात गवत वेगळं हिरवं असतं. पिढ्या जातात, ते हिरवं जात नाही. हे तुझं भूत." पुनमने खालून दिव्यानीचा कुर्ता ओढला, म्हणजे झालं, बस, समोसा जिंकलास. दिव्यानी उभीच. पुढचा प्रश्न कोणी पैजेवर दिलेला नव्हता. "मॅडम, पण पावसानं तो खाली जात असंल ना? तीन-चार पावसाळ्यात?" मॅडमनी मान हलवली. "नाही जात. खतातला नायट्रोजन पाण्यासोबत पळून जातो. हा पळत नाही. जिथं पडला तिथंच मातीला धरून बसतो. आपल्याकडच्या लाल मातीत तर लोखंड त्याला सोडतच नाही. माणसाच्या आयुष्यात बोटभर सरकला तर पुष्कळ." "आणि हाडाची राख टाकली असली तं?" "हाडात तर तोच आहे. तुझ्या नातवंडाले सापडेल." नातवंड या शब्दावर मागच्या बाकांवरची पोरं खिंकाळली. दिव्यानीला ऐकू आलं नाही. "आणि ती माती भाजली तं, मॅडम?"

मॅडमनी चष्मा वर केला. "भाजली तर वीट होते, बाई." आणि मग, पोरीचा चेहरा पाहून असेल, हळू आवाजात, "तो जळत नाही. विटेतही असतोच. पण विटेला मूळ लागत नाही ना."

समोसा तिने घेतला. पैज जिंकल्यावर समोसा न घेणं म्हणजे पुनमला संशय यायला जागा. कागदातून तेल बोटांवर उतरत होतं, आणि सायकल हातात धरून ती जटपुरा गेटच्या बाजूने चालत निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चावतोय, पण समोसा नाही, गालाचं आतलं मांस. रस्त्यावर नेहमीची कोळशाची काळी धूळ, उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज, एका दुकानात कोणीतरी मोठ्यानं मोबाईलवर भांडत होता. हे सगळं रोजच्यासारखंच आहे याचाच तिला राग आला. बाबांनी सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, आणि तिने ते घोटभर पाण्यासारखं पिऊन टाकलं होतं. वर आईचीच समजूत काढली होती तिने, आपल्या नव्या आवाजात, हात हलवून. मातीत कोणी एका जागी थोडंच राहते आई, पाऊस नेते खाली, आबाजी कवाचे खाली पोचले. शी. तिला तो आपलाच आवाज कानात ऐकू आला आणि सायकलचं हँडल तिने असं दाबलं की ब्रेक करकरला.

आबाजी म्हणजे तिचे आजोबा, गुणवंतराव. कुरखेड्याकडे गावात त्यांच्या धानाच्या तीन बांद्या, बांध घातलेली खाचरं. त्यातली वरची बांदी त्यांची खास, कारण ती कामाचीच नव्हती. बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं, पाणी दोन बांद्यांत भरायचं आणि वरच्या बांदीच्या धुऱ्याशी, तिच्या बांधाशी, येऊन थांबायचं, चप्पल काढायला थांबलेल्या पाहुण्यासारखं. आत यायचंच नाही. आबाजी आणि लहानपणीचे बाबा तेलाच्या डब्यांनी पाणी वर टाकायचे, मग वरचा धान जगायचा, नाहीतर पावसाच्या भरवशावर. शेवटच्या उन्हाळ्यात, बोलताना धाप लागायची तेव्हा, आबाजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मले मार्कंड्याले नेऊ नोका. वैनगंगेत पाणी काय कमी आहे. मले वरच्या बांदीत टाका. तिथं पाणी चढत नाई, मीच चढतो." सगळे हसले, तेही हसले, आणि खोकले. गावातल्या म्हाताऱ्यांना ते पटलं नव्हतं, म्हणून चिमूटभर मार्कंड्याला गेली आणि बाकीची सगळी राख वरच्या बांदीत. सातवीतल्या दिव्यानीला कोणी हात लावू देणार नव्हतं, पोरगी जात नाही म्हणे अशा कामाला, पण ती धुऱ्यावरून सरळ खाली उतरली होती आणि टोपल्यात हात घातला होता. राख म्हणजे मऊ असेल असं तिला वाटलं होतं. ती जाड रव्यासारखी होती. मधे मधे पांढरे तुकडे, हलके, सच्छिद्र, आणि ते एकमेकांना लागले की खापरासारखे वाजायचे, अगदी बारीक, कानाशी धरल्यासारखे. तिने ते ढेकळांत मिसळले. बोटांनी, मग तळव्यांनी. घरी येऊन सगळ्यांसारखी आंघोळ केली, पण नखांत राहिलेलं तिने काढलं नाही. तीन-चार दिवस जेवताना ती नखांकडे पाहायची. कोणाला सांगितलं नाही तिने हे, पुनमलाही नाही. आणि त्या वर्षी बांदीच्या त्या कोपऱ्यात धान गडद आला. सगळे म्हणायचे आबाजीचा कोपरा. ती म्हणायची हा योगायोग आहे, विज्ञानात भावना नको, म्हणून मुद्दाम म्हणायची, आणि मनातून तिला माहीत होतं.

घराकडच्या गल्लीत वळताना तिला लांबूनच खोली दिसली. गच्चीवर, आकाशात, तीन लाल भिंती. तिची खोली. चंद्रपूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ती आजवर आईच्या शिलाई मशीनच्या आणि कपाटाच्या मधे अभ्यास करत होती, आणि दहावीच्या वर्षी बाबांनी शब्द दिला होता, तुले वर खोली. तिने मैत्रिणींना इतक्या वेळा सांगितलं होतं की करिष्मा म्हणायची, तुझी खोली ताजमहाल आहे का, बांधूनच नाई होऊन राह्यली. दिवाळीत विटा आल्या तेव्हा दिव्यानी जिन्यात उभी राहून एक-एक वीट हातोहात वर दिली होती. हात लाल, ओढणी लाल, केसांतसुद्धा लाल. बाबांनी दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवल्या होत्या, "आयक, कशी खणखण वाजते. भट्टीवाल्यानं निवडून देल्ली." आणि तिने ऐकून हसून म्हटलं होतं, हो की. आईने पहिल्या विटेला हळदकुंकू लावलं होतं. खणखण. आता गल्लीत उभी राहून तिला तो आवाज ऐकू आला आणि त्याच्या पोटात दुसरा, बारीक, खापरासारखा, आणि तिला वाटलं ओरडावं, पण गल्लीत शेजारच्या काकू कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

सौदा साधा होता, आणि तेच तिला आता सहन होत नव्हतं, की तो इतका साधा होता. त्या भागात सगळेच करतात. उंच बांदी असली की भट्टीवाल्याला बोलवायचं. तो यंत्राने वरची माती दोन-अडीच फूट खरडून नेतो, बांदी खाली होते, पाणी चढतं. माती त्याला, पाणी आपल्याला. वरून बाबांनी घासाघीस करून विटा मागून घेतल्या. बाबा वीजमंडळात लाईनमन, खांबावर चढणारा माणूस, हिशोब वरून दिसतो असं ते म्हणायचे. शेत करणारे बिरजूभाऊही खुश होते. "बाप्पा, आता डबे नाई उचलाचे." गेल्या उन्हाळ्यात बांदी खरडली आणि पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा धुरा ओलांडून आत गेलं, तेव्हा बाबांनी व्हिडीओ काढून आणला होता. त्यात त्यांचा स्वतःचा आवाज होता, पाणी येत असताना, "चढलं, आबाजी, चढलं बघा," आणि मागे नुसता बेडकांचा आवाज. तो व्हिडीओ तिने स्टेटसला ठेवला होता. आणि मग रोवणी झाली आणि धान उभाच राहिला, ठेंगणा, पानं जांभळट, जशी थंडीत ओठांची होतात. बिरजूभाऊ म्हणाले बियाणंच खराब. बाबा म्हणाले पुढच्या वर्षी बसंल. कोणी म्हणालं नाही की आपण त्या वीतभराच्या खालची भुकी माती वर आणून ठेवली आहे. तिला तरी कुठे माहीत होतं. पण माहीत नव्हतं हे वाक्य तिने मनात म्हणून पाहिलं आणि तिला ते आवडलं नाही. ते फार मऊ होतं.

गच्चीवर बाबा पाइपने भिंतींना पाणी मारत होते. ओल्या विटेचा वास, पहिल्या नांगरटीसारखा, जिन्याच्या पायरीपर्यंत येत होता. तिला तो वास नेहमी आवडायचा. आज तिला त्या वासाचाच राग आला, कारण तो अजूनही आवडत होता. आई पायरीवर वाल सोलत बसली होती.

"आली का," बाबा म्हणाले. "पाह्य, तिसरी भिंत कशी धरली. रविवारी यंत्र जाते मधल्या बांदीवर. तिकडून विटा आल्या की चौथी. मग वर टिनं. परीक्षेच्या आधी तू आत."

"मधल्या बांदीवर काऊन?"

"थोडी उंचच आहे ते. पाणी पसरत नाई बरोबर."

"बाबा, आबाजी कुठी आहेत?"

पाइपचं पाणी भिंतीवर एका जागी पडत राहिलं. आई म्हणाली, "हे काय विचारून राह्यली, दिवेलागणीले."

"सांगा ना. तुम्ही म्हटलं होतं खाली गेले. किती खाली?"

"गेले असतील ना बापा. इतके पावसाळे झाले."

"नाई गेले," दिव्यानी म्हणाली. तिचा आवाज स्टेजवरचा निघाला नाही. तो जाड निघाला, मधे मधे तुटत. "ते हलतच नाई. हाडातलं मातीतच बसते. वरच्या वीतभरात. आज त्या मॅडम बोलल्या, राजुऱ्याच्या. सगळ्या आयुष्यात बोटाएवढंही सरकत नाई. तुम्ही अडीच फूट नेलं. कोपरा सोडा म्हटलं होतं ना तुम्ही ड्रायव्हरले?"

बाबांनी नळ बंद केला. "म्हटलं होतं. मग तो म्हणे कोपरा उंच राह्यला तं पाणी फिरंल कसं. मी म्हटलं ने मग. आबाजी तं खाली आहेत." ते हे इतकं सरळ म्हणाले की दिव्यानीला त्यांना मारावंसं वाटलं. आणि लगेच तिला त्यांच्या डाव्या खांद्यावरचा तो टणक गोळा दिसला, बनियनच्या पट्टीशेजारी, लहानपणापासून डबे वाहून झालेला, ज्याला ती बाळ असताना दाबून पाहायची आणि ते म्हणायचे इथी पाणी भरलं आहे. तो दिसल्यामुळे राग कमी होईल असं तिला वाटलं. झाला नाही. उलट तो कुठे टाकावा तेच कळेना. कोणी दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं. भट्टीवाला दुष्ट नव्हता, त्याने निवडून विटा दिल्या. बाबांनी पाणी चढवलं. सगळ्यांनी तिच्यासाठी केलं. तिच्यासाठी म्हणूनच आबाजी जाळले गेले, दुसऱ्यांदा, आणि तिने हसत हसत ते हातोहात जिन्यावरून वर दिले.

"तुयासाठीच केलं ना सगळं," आई हळूच म्हणाली.

"तेच नोको म्हून राह्यली मी," दिव्यानी म्हणाली. "मायासाठी म्हणू नोका."

ती भिंतीशी गेली. ओल्या विटेवर तिने हात ठेवला. थंड. डिसेंबरची संध्याकाळ खाली उतरत होती आणि वीट तिच्याहून लवकर गार झाली होती. तिने बोटाच्या पेराने ठोकलं. ओली वीट वाजत नाही. ती पुन्हा ठोकत राहिली, वेगवेगळ्या विटांवर, कान लावून. कोणत्या विटेत, कोणत्या ओळीत. ते तिकडच्या गवतासारखं हिरवं झालं असतं तर कळलं असतं. ही तर सगळी सारखीच लाल. दर विटेत थोडे थोडे, चिमूटभर, आणि त्याचं कोणाला काही मिळणार नाही, पोरालाही नाही आणि पाखरालाही नाही, कितीही वर्षं बसून राहिले तरी. मधल्या बांदीत कोणाची राख नाही हे तिला माहीत होतं. पण तिथे आबाजींच्या आज्यानं टाकलेलं शेण होतं, पळसाची पानं होती, कितीतरी बैल होते, मेलेली बेडकं होती. ती सगळी वीतभर.

"त्यायले नाई म्हणा," ती वळून म्हणाली. "यंत्र नोको रविवारी."

"मी भट्टीवाल्याले शब्द देल्ला आहे दिव्या. त्याचा माणूस निघंल तिकडे."

"मग फोन करा. आत्ता."

"आणि भिंत?" बाबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तीन भिंतीची खोली कोणाची राहते का? लोक हसतील. गच्चीवर नाटकाचं स्टेज बांधलं म्हणतील धनराज लाईनमननं."

"हसू द्या."

"अभ्यास कुठी करशील?"

दिव्यानी जिना उतरून खाली गेली. कपाट आणि मशीनच्या मधून तिने आपली गादी ओढली. गादी दारात अडकली, आई मदतीला उठली नाही, थांबवायलाही उठली नाही. मग बाजूला सरकली, तेवढंच. गादी, जाड चादर, आबाजींची जुनी घोंगडी, पुस्तकांची पिशवी, आणि दप्तरातून तेल पाझरलेला समोसा. ते सगळं तिने दोन खेपांत वर नेलं आणि ओल्या भिंतींच्या मधे, कोरड्या फरशीवर, डोकं मोठ्या भिंतीकडे करून गादी अंथरली. चौथी बाजू उघडी होती. तिकडून सगळं चंद्रपूर दिसत होतं, लांबच्या धुराड्यांचे लाल दिवे, आणि तिकडूनच वारा येत होता. तिने समोसा कागदातून काढून बाबांच्या हातात दिला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. मग कमरेवर हात ठेवून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. या वेळी ती वक्तृत्वाचा आवाज काढायला गेलीच नाही.

"बाबा, आई, आयकून घ्या. चौथी भिंत नोको मले. आजही नोको अन् परीक्षेनंतरही नोको. ह्या तीन पाडू पण नोका, ह्यात आबाजी आहेत, मी ह्यातच राहीन. वरून ताडपत्री बांधून द्या नाईतं मी बांधीन. थंडी लागंल, लागू द्या, मेले तं नाई मी थंडीनं. मधली बांदी आहे तशी राहील. आणि पुढच्या रोवणीले मी शाळा बुडवून जाईन, बोडीतला गाळ टोपल्यानं वरच्या बांदीत टाकीन, बिरजूभाऊ हसले तरी टाकीन. दरवर्षी टाकीन. लग्न झालं तरी येऊन टाकीन. तुम्ही आता फोन लावता, का मी लावू?"

बाबांच्या एका हातात समोसा होता. त्यांनी दुसरा हात खिशात घातला.